दलालकाकींची दलाली

रत्नागिरीत आता जागेची दलाली करणाऱ्यांना दलाल म्हटलेलं आवडत नाही. कुणी कन्सल्टंट असतं, कुणी प्रॉपर्टी अॅडव्हायझर. गाडीच्या मागच्या काचेवर फोन नंबर आणि माडांचं चित्र. आमच्या काकींनाही त्यांच्या भाच्याने हौसेने तसली कार्डं छापून दिली होती. काकींनी पडवीत बसून एकेका कार्डावरचं 'कन्सल्टंट' पेनाने खोडलं आणि खाली 'दलाल' लिहिलं.

"सल्ला द्यायला गावात माणसं थोडी आहेत?" त्या म्हणाल्या. "मी जागा विकून देते."

गाव त्यांना दलालकाकी म्हणायचं आणि त्यांना ते नाव मनापासून आवडायचं. उंच, हडकुळ्या, सुती पातळ, आणि पायात गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट. पावसाळ्यात सगळेच घालतात. काकी मे महिन्यातही घालायच्या. कातळावर, गवतात, गडग्याच्या दगडांत फुरशी असतात आणि दिवसाकाठी दोन-तीन जागांच्या हद्दी चालून येणाऱ्या बाईला दुसरं काही परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. लग्नालाही त्या गमबूट घालूनच जायच्या. कार्यालयाच्या दाराशी नक्षीच्या चपलांच्या रांगेत ते काळे बूट दिसले, की काकी आत जेवायला बसल्या आहेत हे कळायचं. खांद्याच्या पिशवीत छत्री आणि कोयता. कोयता पाहून मुंबईचं गिऱ्हाईक पहिल्यांदा दचकायचं. तो वाटेतली झुडपं तोडायला असायचा.

जागा दाखवायला त्या कुणाच्या गाडीतून जात नसत. एसटीने फाट्यापर्यंत आणि पुढे चालत. गिऱ्हाईक कितीही मोठं असो. "गाडीतून जागा बघणारा एसी बघतो, जागा नाय बघत," त्या म्हणायच्या. दुसरं त्यांचं म्हणणं असं, की जमीन एकदा बघून घेऊ नये. मे महिन्यात विहीर बघावी आणि जुलैत चिखलातली वाट बघावी. ज्याला एवढी सवड नाही त्याने सोन्याची चेन घ्यावी, जमीन घेऊ नये.

माझी त्यांची ओळख अशा एका जागेवरच झाली. मी इथल्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. नवऱ्याची बदली इथे झाली आणि आम्ही घर बांधायचं ठरवलं. काकींनी एका उंच सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा, तुकडा दाखवला. समोर पसरलेला समुद्र बघून मी तिथल्या तिथे हो म्हणाले.

"थांब गो मास्तरणी," काकी म्हणाल्या. "समुद्र दिसतो म्हणून लोक ही जागा घेतात. पण तुला समुद्र दिसतो तसा वाऱ्याला तूही दिसतेस. वादळ आलं की पहिली कौलं इथली जातात. शेजारच्याला विचार, दोनदा गेली त्याची."

मालक बाजूलाच उभा होता. त्याने कपाळाला हात लावला. पण काकींची पद्धतच ती. आधी खोड सांगायची, मग गुण. शेवटी आम्ही खाली, वाऱ्याच्या आडोशाला, समुद्र न दिसणारी जागा घेतली. खरेदीखत झालं त्या संध्याकाळी मी पेढे आणि दलालीचे पैसे घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पेढा घेतला.

"सातबाऱ्यावर नाव चढलं?"

"अजून नाही. फेरफाराला टाकलंय."

"मग हे पैसे कशाचे?" त्यांनी पाकीट माझ्या मांडीवर परत ठेवलं. "नाव चढलं, हद्दीचे दगड आपण दोघींनी बघितले, वाटेवरून तुझी विटांची गाडी आत गेली, की मग आण. काम झाल्याशिवाय दलाली नाय."

शहरातले बाकीचे दलाल विसाराच्या दिवशी निम्मी घेत आणि खरेदीखताच्या दिवशी निम्मी; तीही दोन्ही बाजूंकडून. काकी एकाच बाजूकडून घेत, जो आधी त्यांच्याकडे आला त्याच्याकडून. बाकीचे त्यांना हसत. त्यांच्या वडिलांची गोष्ट मला नंतर कळली. वडिलांनी तरुणपणी एक तुकडा विकायला काढला होता. दलालाने गिऱ्हाईक आणलं, विसार झाला, त्याच दिवशी दलालाने आपली पुरी दलाली घेतली. पुढे गिऱ्हाईक फिरलं. वडील दलाली परत मागायला गेले, तर तो म्हणाला, मी गिऱ्हाईक आणलं, माझं काम झालं. वडील म्हणाले, जमीन अजून माझ्याकडेच आहे, मग काम कसलं झालं?

"दोघांचंही म्हणणं बरोबर वाटतं ना ऐकताना?" काकींनी मला विचारलं होतं. "म्हणून मी ठरवलं. असं काम करायचं, की दुसऱ्या बाजूला बोलायला जागाच राहणार नाय."

या नियमामुळे काकींचे पैसे नेहमी कुठेतरी वाटेत असायचे. इतक्या लोकांना घरं मिळवून दिली, पण स्वतः राहायच्या भाड्याच्या घरात. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि लग्न होऊन ज्या घरात आल्या त्याच घरात भाडेकरू म्हणून पंचवीस-तीस वर्षं काढली. मातीच्या भिंती, पुढे पडवी, मागे एक विहीर आणि लिंबाचं झाड. घरमालक अप्पा वयस्कर, सज्जन माणूस. त्यांची मुलं मुंबईला स्थायिक झाली आणि त्यांनी घर विकायचा लकडा लावला, तेव्हा अप्पा स्वतः काकींच्या पडवीत येऊन बसले.

"पहिला हक्क तुमचा," ते म्हणाले. "शिमग्यापर्यंत विसार द्या. बाकीचं सवडीने द्या. मुलांना मी समजावतो."

काकींनी त्या दिवशी मला फोन केला. म्हणाल्या, "मास्तरणी, मी घर घेतेय."

विसार कुठून द्यायचा हेही त्यांच्या मनात पक्कं होतं. त्या वेळी त्यांच्या हातात आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार होता.

लोट्याला एका कारखान्यात उभा जन्म नोकरी करून निवृत्त झालेले एक साहेब त्यांच्याकडे आले होते. मूळचे देशावरच्या शेतकरी घरातले, म्हणून शेतजमीन घेण्यात अडचण नव्हती. त्यांना आंब्याच्या कलमांची बाग हवी होती, मालगुंडच्या बाजूला. काकींनी त्यांना पुष्कळ चालवलं. शेवटी एक उतारावरची जुनी बाग साहेबांच्या मनात भरली. बाग उत्तम, विहिरीला मेमध्येही पाणी. खोड दोन ठिकाणी होती. पहिली म्हणजे सातबाऱ्यावर हिस्सेदारांची रांग. थोरला भाऊ गावात, बाकीचे मुंबईत, आणि एकाला दुसऱ्याचं तोंड बघायचं नव्हतं. काकी मुंबईला जाऊन एकेकाच्या घरी, जमिनीचं नावही न काढता, आधी जेवल्या. सगळ्यांचा होकार मिळवायला त्यांना वर्ष लागलं.

दुसरी खोड वाटेची. बागेत गाडी जाईल अशी एकच वाट होती आणि ती शेजाऱ्याच्या जमिनीतून जायची. शेजारी म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर. गाव त्यांना ड्रायव्हरदादाच म्हणतं. थोरल्या भावाच्या वडिलांशी त्यांचं हद्दीवरच्या एका फणसावरून भांडण झालं होतं. फणस तोडला गेला, ज्यांनी तोडला ते वारले, पण दादांनी वाटेवर जो दगडांचा बांध घातला तो तसाच राहिला. काकी त्यांच्या पडवीत कितीदा गेल्या असतील. एकदा मीही बरोबर होते. दादा सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत आणि काकी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकत.

"मग आता काय झालं म्हणजे वाट द्याल?" काकींनी विचारलं.

"मला पैसा नको," दादा म्हणाले. "फणस माझा होता, एवढं त्या घरातल्या कोणीतरी माझ्या तोंडावर म्हणायला हवं."

काकी उठल्या, सरळ थोरल्या भावाच्या घरी गेल्या आणि त्याला घेऊन आल्या. कसं आणलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. तो दारात उभा राहिला, मान खाली घालून म्हणाला, "दादा, फणस तुमचाच होता." दादांनी डोळे पुसले आणि आत चहा टाकायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात काकी साहेबांना घेऊन गेल्या. वाटेच्या तोंडाशी सगळे उभे होते. "वाट दिली," दादा म्हणाले. "काकी, तुझ्या शब्दावर दिली." साहेब खूश झाले आणि दादांच्या देखतच काकींना म्हणाले, "काकी, कमाल केलीत. तुमची ठरलेली दलाली पुरी माझ्याकडून. शब्द आहे."

त्यानंतर महिन्याभराने साहेबांचा फोन आला. मुलगा नको म्हणतोय, आमचा विचार बदलला. थोरल्या भावानेही तेच सांगितलं. व्यवहार राहिला. काकींना वाईट वाटलं, पण गिऱ्हाईक फिरणं हा त्या धंद्यातला रोजचा भाग. त्या दुसरं गिऱ्हाईक शोधायला लागल्या.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले असताना ड्रायव्हरदादांचा फोन आला. ते एवढ्या मोठ्याने बोलत होते, की मला पलीकडचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"काकी, तुझ्या साहेबाचा जेसीबी आलाय वाटेवर. तू कुठायस?"

आम्ही मिळेल त्या एसटीने गेलो. दादा वाटेच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते, एसटीतल्या खाकी शर्टात. समोर जेसीबी घरघरत होता. साहेब आणि थोरला भाऊ बाजूला उभे. काकींना बघताच थोरला भाऊ कलमांचा मोहर न्याहाळायला लागला.

"मी वाट काकीला दिली," दादा साहेबांना सांगत होते. "तुम्ही कोण ते मला ठाऊक नाय."

काकींनी जेसीबीवाल्याला हाताने खूण केली. घरघर थांबली.

"खरेदीखत झालं?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"हो... म्हणजे अचानकच जमलं. तुम्हाला सांगणारच होतो, काकी."

"विसार?"

"तोही... झाला होता."

मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. ज्या दिवशी यांनी फोन करून व्यवहार मोडला म्हणून सांगितलं, त्या दिवशी विसाराचे पैसे दिले गेले होते. दोघांनी मिळून काकींना बाजूला काढलं होतं. साहेबांची दलाली वाचणार होती आणि त्यातला काही भाग जमिनीच्या भावात चढवून थोरल्या भावाला मिळणार होता. हे सगळं, तारखेसकट, पुढे थोरल्या भावानेच कबूल केलं.

काकींनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग दादांच्या खुर्चीशी गेल्या. मी त्यांच्या मागोमाग. मी हळूच म्हटलं, "काकी, आता ते हातात सापडलेत. वाट हवी असेल तर आधी दलाली ठेवा म्हणावं."

दादांनी ते ऐकलं. "मास्तरणी बरोबर सांगते. काकी, तू नको म्हटलंस तर मरेपर्यंत हा दगड हलवणार नाय मी. बागेत हेलिकॉप्टरने उतरू दे त्याला."

"नाय दादा," काकी म्हणाल्या. "वाट द्या."

"का?"

"मी यांना बाग दाखवली तेव्हा वाटेसकट दाखवली. वाट मिळवून देते असं बोलले होते. ते काम राहिलंय. ते अडवून मी पैसे मागितले तर ती दलाली नाय, खंडणी झाली." मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "आज जेसीबी परत पाठवा. तोंडी वाटेवर मशीन घालायचं नसतं. दादा उद्या नसले तर त्यांच्या मुलांना काय दाखवाल? आधी वाटेचा कागद करू, नोंदवू. मग आणा."

साहेबांनी जेसीबी परत पाठवला. येताना एसटीत मी काकींशी बोलले नाही. मला त्यांचा रागच आला होता. खिडकीतून बाहेर बघत त्या एकदाच म्हणाल्या, "तू आता मला वेडी समजत असशील. समज."

वाटेचा कागद व्हायला शिमगा तोंडावर आला; तोवर साहेबांचं नाव सातबाऱ्यावर चढलं होतं. काकींनी मोजणी करून घेतली, वकिलाकडून मसुदा लिहून घेतला, दादांना वाचून दाखवला, रजिस्ट्रार ऑफिसात नेलं. या सगळ्या दिवसांत त्यांनी साहेबांकडे दलालीचा एक शब्द काढला नाही. साहेबांना वाटलं असेल, बाईने विषय सोडला. दादांनी सही केली आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकी गमबूट चढवून साहेबांच्या भाड्याच्या बंगल्यावर हजर झाल्या. मला मुद्दाम बरोबर घेतलं.

"साहेब, काम झालं. माझी दलाली द्या."

साहेबांनी आतून एक पाकीट आणलं. पातळच होतं. "वाटेसाठी तुमची धावपळ झाली, काकी. हे तुमच्या चहापाण्याचं."

"चहा मी घरून पिऊन आले," काकी म्हणाल्या. पाकिटाला त्यांनी हात लावला नाही.

साहेब मग कारखान्यातल्या आवाजात बोलायला लागले. पहिला व्यवहार मोडला होता. नंतर मालकाशी त्यांनी स्वतः नव्याने बोलणी केली. विसाराला काकी नव्हत्या, खरेदीखताला नव्हत्या. मग दलाली कसली?

"मोडला कधी?" काकी म्हणाल्या. "मोडला असं मला सांगितलंत, तेवढंच."

एवढं बोलून त्या उठल्या आणि तिथून सरळ वकिलाकडे गेल्या. वकील म्हणाले, काकी, वर्षं जातील, निम्म्यावर मिटवा. काकी म्हणाल्या, "निम्मं काम केलं असतं तर निम्म्यावर मिटवलं असतं."

दावा लागला. तारखा पडत राहिल्या. पण शिमग्याची मुदत काही कोर्टाच्या तारखेसारखी पुढे गेली नाही. विसाराचे पैसे उभे राहिले नाहीत. मी देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. "तुझ्या घराचे हप्ते चालू आहेत," म्हणाल्या. त्या अप्पांकडे गेल्या.

"अप्पा, मला जमणार नाय. आता तुम्ही गिऱ्हाईक बघायला मोकळे."

अप्पांनी मान हलवली. म्हणाले, "काकी, गिऱ्हाईक तरी मला कुठे बघता येतंय?"

"मग मी बघते," काकी म्हणाल्या.

आणि त्यांनी स्वतः राहत असलेलं घर विकायला घेतलं. येईल त्याला त्या घर दाखवत. मी एकदा तिथे होते. एक तरुण जोडपं आलं होतं. काकींनी त्यांना आधी स्वयंपाकघरात नेलं आणि वर बोट दाखवलं. "इथे गळतं. कौलं फिरवली तरी गळतं, वासा बदलायला लागेल. मागची भिंत श्रावणात ओल धरते. मोरीचं पाणी तुंबतं." मग त्यांना मागे विहिरीपाशी नेलं. तिथे मात्र त्या जरा थांबल्या. "पाणी गोड आहे," एवढंच म्हणाल्या.

त्या जोडप्याने घर घेतलं. अप्पांनी जागा रिकामी करून द्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे काकींच्या हिशोबाने, जागा रिकामी झाल्याशिवाय काम पुरं होत नव्हतं. त्यांनी एका टेंपोत संसार भरला. मी मदतीला गेले होते. सगळं सामान गेल्यावर त्यांनी घर केरसुणीने झाडून काढलं, पडवी सारवली, चुलीशेजारच्या कोनाड्यातली काजळी पुसली. मी म्हटलं, "काकी, येणारे सगळं पाडून नवं बांधणार आहेत."

"ते त्यांचं घर. पाडतील नायतर ठेवतील. मी द्यायचं ते नीट देणार."

किल्ली त्यांनी त्या मुलीच्या हातात दिली. मग अप्पांकडे वळून हात पुढे केला. अप्पांनी दलालीचं पाकीट दिलं. ते देताना अप्पा रडत होते. काकींनी पैसे पिशवीत ठेवले, कोयत्याच्या बाजूला.

रस्त्यावर आल्यावर मला राहवलं नाही. "स्वतःच्या घराची दलाली घेतलीत तुम्ही?"

"माझं कुठे होतं?" त्या म्हणाल्या. थोडं चालल्यावर परत म्हणाल्या, "नसती घेतली तर मी त्या घरातून हाकलली गेले असते गो. आता मी ते विकून आले."

त्यानंतर त्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत राहिल्या. भाडं ठरवूनच आल्या. पहिल्या दिवशी मला खोलीची खोडही सांगितली: खिडकी उत्तरेला आहे, कपडे वाळणार नाहीत. कोर्टाच्या तारखेला सकाळी लवकर उठायच्या, पातळाला इस्त्री करायच्या आणि चालत जायच्या. अर्ध्या वेळा नुसती पुढची तारीख मिळायची. परत येऊन म्हणायच्या, "आज काय नाय झालं," आणि दुपारी कुणाला तरी जागा दाखवायला बाहेर पडायच्या.

शेवटी साक्षीचा दिवस आला. मी शाळेतून रजा घेतली. काकी पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. गमबूट बाहेर काढायला कुणी सांगितलं नाही, त्यांनीही काढले नाहीत. साहेबांच्या वकिलांनी विचारायला सुरुवात केली.

"विसार दिला तेव्हा तुम्ही हजर होता?"

"नाही."

"खरेदीखताच्या दिवशी?"

"नाही."

"किंमत शेवटी कितीला ठरली, ते तुमच्यासमोर ठरलं?"

"नाही."

वकील समाधानाने मागे वळले. "मग या व्यवहारात तुम्ही होता तरी कुठे?"

"त्याच्या आधी," काकी म्हणाल्या. कोर्टात कुणीतरी हसलं. काकी हसल्या नाहीत. "साहेबांना ही बाग कुठे आहे हे माहीत नव्हतं, तेव्हा मी होते. भाऊ भावाशी बोलत नव्हते, तेव्हा मी होते. वाटेवर दगड होते, तेव्हा मी होते. साहेब आणि थोरला भाऊ एकमेकांना नावाने ओळखत नव्हते. ओळख मी करून दिली. ओळख झाल्यावर मला घरी पाठवलं."

मग ड्रायव्हरदादांची साक्ष झाली. त्यांनी खाकी शर्ट घातला होता. साहेब वाटेच्या तोंडाशी उभे राहून दलालीबद्दल काय बोलले, ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. थोरल्या भावाला बोलावलं, तेव्हा तो पहिल्यांदा अडखळला. पण दादा समोर बसून त्याच्याकडे बघत होते. त्याने सगळं सांगून टाकलं.

न्यायाधीश बाई होत्या, काकींना मुलगी असती तर तिच्या वयाच्या. त्यांनी काकींना पुन्हा बोलावून एकच प्रश्न केला. "काम पुरं झाल्याशिवाय तुम्ही दलाली घेत नाही, असं तुम्हीच सांगता. मग या व्यवहारात तुमचं काम पुरं झालं कधी?"

"दादांनी वाटेच्या कागदावर सही केली त्या दिवशी," काकी म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी मी मागायला गेले. त्याआधी मागितली असती, तर साहेबांना नाही म्हणायला जागा होती. नंतर नव्हती."

निकाल काकींच्या बाजूने लागला. ज्याच्या खटपटीने घेणारा आणि देणारा एकत्र आले, त्याला बाजूला सारून व्यवहार उरकला म्हणून त्याची दलाली बुडत नाही, असा त्याचा साधा अर्थ वकिलांनी आम्हाला समजावला. साहेबांनी वर अपील केलं नाही. वकिलामार्फत पुरी रक्कम आली. सोबतच्या कागदावर त्यांनी 'मदतीदाखल' असं लिहिलं होतं. काकींनी तो कागद परत पाठवला आणि 'दलाली' असं लिहून आल्यावरच सही केली.

ते पैसे घेऊन आम्ही वकिलांच्या ऑफिसातून खाली उतरलो, तर आवारात साहेब उभे. चांगलेच थकलेले दिसत होते. मी काकींचा हात धरून पुढे निघाले होते, पण काकी थांबल्या.

"काकी," साहेब म्हणाले, "एक विचारायचं होतं. बाग विकायला काढायची आहे. मिसेसना तो चढ चढवत नाही. मुलगा येणार नाही, ते आता कळलंय. एकदोघांना सांगून बघितलं..." ते थांबले. "तुम्ही विकून द्याल?"

मी काकींचा हात ओढला. काकींनी साहेबांकडे बघितलं. नजरेत राग होता, तो त्यांनी लपवला नाही.

"कलमांना खत घातलंत यंदा?" त्यांनी विचारलं.

"नाही. जमलं नाही."

"घाला. मोहर बघून गिऱ्हाईक येतं."

साहेबांनी मान हलवली. मग घाईने खिशात हात घातला. "या वेळी दलाली आधीच देऊन ठेवतो. पुन्हा कोर्ट नको."

"आधी नको," काकी म्हणाल्या. "आधी दिलेत तर ते तुमचे उपकार होतील. काम झाल्यावर द्या."

रिक्षात बसल्यावर मी धुमसत होते. या माणसामुळे घर गेलं, एवढी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि आता त्याचीच बाग विकायची? मी तसं बोलूनही दाखवलं. काकींनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. त्या माझं ऐकत नव्हत्या. रस्त्याकडे बघत त्यांची बोटं पिशवीवर काहीतरी जुळवत होती.

"गप गो जरा," त्या म्हणाल्या. "राजापूरचं एक गिऱ्हाईक आहे माझ्या डोक्यात."